खंडेनवमीला बंद ठेवलेला इन्क्युबेटर

पिलाजीराव मान्यांनी माझी पीएच.डी. वाचवली, असं आमच्या डिपार्टमेंटात लोक अजूनही सांगतात. लोकांचं काय जातं सांगायला! त्या माणसानं मला एका वर्षात जेवढा मनस्ताप दिला, तेवढा माझ्या सासरच्यांनी सगळ्यांनी मिळून दिलेला नाही. आणि सासर माझं बऱ्यापैकी मोठं आहे.

बडोद्यातल्या ज्या संशोधन संस्थेत मी होते, तिथे पिलाजीराव लॅब अटेंडंट होते. काचेची भांडी धुणं, ती वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह लावणं, आणि इन्क्युबेटरचं तापमान सकाळ-संध्याकाळ रजिस्टरात लिहिणं, हे त्यांचं काम. आजोबा संस्थानच्या फौजेत, वडील संस्थानच्या पागेत. "आमच्या घरात तलवारी होत्या ताई, माझ्या हातात टेस्टट्यूब आली," असं म्हणायचे. हसून नाही हं, जसं काही मीच तलवार काढून घेतली होती! राहायला लहरीपुऱ्यात, नोकरीला चौतीस वर्षं झालेली, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला काळी टोपी. पहिल्या दिवशी मला वाटलं हेच डायरेक्टर. मी वाकून नमस्कारसुद्धा केला. त्यांनी तो घेतला!

माणूस कामाला चोख, पण आडमुठा. तोंडी सांगितलेलं काही करायचं नाही. "पिलाजीराव, ही बाटली फेकून द्या." "चिठ्ठी द्या." अहो, बाटली आहे, इस्टेट नाही! पण नाही. मग मी चिठ्ठी लिहायची, ते ती चष्मा लावून वाचायचे, घडी करून खिशात ठेवायचे, आणि मग बाटली फेकायचे. गुजराती मुलामुलींशी "केम छो बेन, वांधो नथी" असं गोड बोलतील, आणि आम्हा मराठी माणसांपुढे मात्र अगदी दरबार भरल्यासारखे. मी नागरवाड्यातली, माझे आजोबा संस्थानात शिक्षणखात्यात होते हे कळल्यावर तर विचारायलाच नको. "तुमच्याकडे कागदाची परंपरा आहे, ताई. तुम्ही तरी तोंडी बोलू नका."

त्या मार्चअखेर ते रिटायर होणार होते. आमच्या संस्थेत एक पद्धत होती. ज्याच्या सर्व्हिस बुकात अख्ख्या नोकरीत एकही ठपका नाही, त्याला निरोपाच्या दिवशी डायरेक्टरच्या सहीचं पत्र मिळायचं: 'सेवा निष्कलंक'. बाकीच्यांना 'सेवा समाधानकारक'. शाल-नारळ दोघांनाही तेच. पण पिलाजीरावांचा जीव त्या एका शब्दात अडकला होता. त्यांच्या आजोबांना आणि वडिलांना दोघांनाही तसा कागद मिळालेला होता. चौतीस वर्षांत एक लेटमार्क नाही, एक मेमो नाही. "आता सहा महिने राहिले," ते नवरात्राच्या आधी मला म्हणाले, "ते सरळ गेले की सुटलो."

गेले नाहीत ना सरळ! मुळात माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. म्हशींच्या सडांवर देवीसारखे फोड येतात, दूध काढणाऱ्यांच्या बोटांवरही येतात. तो विषाणू माझा विषय. बाकीचे बरेच विषाणू पेशीत शिरले की केंद्रकात जातात आणि पेशीचीच यंत्रं वापरून आपली जनुकं वाचून घेतात. हा देवीच्या कुळातला विषाणू तसा नाही. हा केंद्रकाच्या बाहेरच संसार मांडतो, आणि जनुकं वाचणारं एन्झाइम स्वतःच बरोबर बांधून आणतो. म्हणजे परक्या घरी जाताना आचारी सोबत न्यावा तसं. सोबत आणलेल्या आचाऱ्याकडून पहिली काही जनुकं वाचून होतात. मग पुढची जनुकं वाचायला त्या घरातच नवा आचारी, म्हणजे नवं एन्झाइम, तयार व्हावं लागतं. ते झालं नाही तर सगळं अर्ध्यावर थांबतं आणि नवे विषाणू जन्मालाच येत नाहीत.

आता हे एन्झाइम नेमकं काय काय करतं, हे बघायचं तर ते बिघडवायला हवं. पण पूर्ण बिघडवलं तर विषाणू मेलाच, मग अभ्यास कशाचा, कपाळाचा? म्हणून अर्धवट बिघडलेला हवा: थंडाव्यात चालेल, उष्णतेत बंद पडेल असा. मी विषाणूवर जनुकं बिघडवणारं रसायन घातलं, त्याला कोंबडीच्या अंड्यांत पस्तीस डिग्रीला वाढवलं, आणि त्यातून साठ वेगवेगळे नमुने उचलले. मग एकेक नमुना पेशींच्या प्लेटवर घालून एकोणचाळीस डिग्रीला ठेवून बघितला. म्हशीच्या अंगात साधारण तेवढीच ऊब असते. साठांतले चार एकोणचाळीसला वाढेनात. म्हणजे एकतर हे चार मेलेले, नाहीतर हेच मला हवे ते. कसं ओळखायचं? सोपं आहे, एकतीस डिग्रीला वाढवून बघायचं. वाढले तर सोनं.

आणि इथे माझी गाडी दोन वर्षं अडकली. कारण पेशींचा इन्क्युबेटर होता एक. तो बाकीच्यांच्या कामासाठी कायम गरम. दुसरा, एकतीस डिग्रीचा, मागवायची फाइल आमचे गाइड भास्करराव सरांनी वर पाठवलेली. फाइल खाली येईना. बाहेर तेव्हा अख्खं जग बदलत होतं. घराघरांत केबल आली, गल्लीगल्लीत एसटीडी बूथ निघाले, माझ्याबरोबरच्या मुली औषधकंपन्यांत लागून स्कूटीवर फिरायला लागल्या. माझा भाऊ हेरंब गोरव्यात एका कारखान्यात लागला होता, त्यांच्याकडे जर्मनीहून मशीन तीन महिन्यांत येई. आणि मी सरांना दर सोमवारी विचारायचे, "सर, फाइल?" सर म्हणायचे, "प्रोसेसमध्ये आहे." फेलोशिप संपत आलेली, आई रोज जेवताना विचारायची, "अगं, नक्की होणार आहे का तुझं काही?" मी काय सांगणार! प्रोसेसमध्ये आहे.

नवरात्र आलं. बडोद्यात नवरात्र म्हणजे नऊ दिवस काम बंद, हे काही सांगायला नको. सगळे गरब्याला, दिवसा झोपलेले. मी मात्र अष्टमीला दुपारी त्या चार नमुन्यांच्या प्लेटा शेवटच्या म्हणून पुन्हा एकोणचाळीसला लावल्या. सरांनी सांगितलं होतं, आता या वेळी वाढले नाहीत तर चौघांना मेलेले म्हणून लिही आणि विषय आवर. इन्क्युबेटरात दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं. मी पिलाजीरावांना म्हटलं, "दसऱ्यानंतर सकाळी येते, लक्ष ठेवा." ते म्हणाले, "ठेवतो."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी लॅबमध्ये शिरले, तर इन्क्युबेटरला झेंडूची माळ. दारावर हळदकुंकवाचं स्वस्तिक. ऑटोक्लेव्हला माळ, सेंट्रिफ्यूजला माळ, डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनलासुद्धा माळ! आणि इन्क्युबेटरचा दिवा विझलेला. मी दाराच्या काचेतून आतला थर्मामीटर बघितला. एकतीस.

"पिलाजीराव!"

ते शांतपणे आत आले. "खंडेनवमी होती ताई. हत्यारांची पूजा केली. नवमीला सकाळी पूजेत ठेवलं, ते आज सकाळी उतरवायचं. आता करतो चालू."

"बंद कशाला केलंत?"

"पूजेतलं हत्यार चालवतात का? आमच्या घरात कधी चालवलेलं नाही."

"अहो, हत्यार कसलं, मशीन आहे ते! चौतीस वर्षं बंद करताय?"

"दरवर्षी नवरात्रात आतून रिकामंच असतं. या वर्षी तुमच्या प्लेटा होत्या. म्हणून तर दार उघडलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही लक्ष ठेवा म्हणालात. मी दोन्ही दिवस सुट्टीचा येऊन तापमान लिहिलंय."

आणि खरंच लिहिलं होतं हो! रजिस्टरात सुवाच्य अक्षरात: नवमी सकाळ ३९, 'पूजेसाठी बंद'. संध्याकाळ ३१. दसरा सकाळ ३१, संध्याकाळ ३१. स्वतःचा गुन्हा स्वतःच्या हातानं, खाली सही! ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांचा राग एकदम वर आला. सरांवरचा, फाइलवरचा, आईच्या प्रश्नावरचा. तो सगळा काढायला माझ्यासमोर एकच माणूस उभा होता. मी कागद घेतला आणि तिथल्या तिथे लेखी तक्रार केली. कागदाची परंपरा ना आमची!

इन्क्युबेटरची फाइल दोन वर्षं हलली नव्हती. माझी तक्रार तीन दिवसांत सरांच्या सहीनं मेमो होऊन पिलाजीरावांच्या हातात पडली.

मधल्या काळात मी प्लेटा फेकायला काढल्या. फेकण्याआधी रंग देऊन मोजायच्या, हा नियम. जिथे पेशी जिवंत तिथे जांभळं, जिथे विषाणूनं खाल्ल्या तिथे पांढरं भोक. तीन नमुन्यांच्या प्लेटा सपाट जांभळ्या. चौथ्याची प्लेट धुतली आणि मी नळ बंद करायचा विसरले. बारीक बारीक भोकं, टाचणीच्या टोकाएवढी, मोजली तर छप्पन्न. एकोणचाळीसला चार वेळा जो हलला नव्हता, तो दोन दिवस एकतीसला मिळाल्याबरोबर वाढला होता.

मी तशीच ओल्या हातांनी स्टुलावर बसले. आनंद झाला का? झाला ना, झालाच! पण त्याहून जास्त स्वतःचीच चीड आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ऑक्टोबरात बडोद्यात बंद खोलीचं तापमान एकतीस असतं हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि सर आणि मी, आम्ही दोन दीडशहाणे दोन वर्षं एकतीस डिग्रीचं मशीन मागत बसलो होतो! असलेलं मशीन फक्त बंद करायचं होतं.

पुढचे तीन महिने मी वेड्यासारखं काम केलं. नमुना परत परत गरम-थंड करून बघितला. शेवटी पक्कं झालं की गरमीत पहिली जनुकं नीट वाचली जातात, सोबत आणलेलं एन्झाइम ठीक आहे. पण पेशीत नव्यानं तयार होणारं एन्झाइम एकोणचाळीसला टिकत नाही, म्हणून पुढची जनुकं वाचायची राहून जातात. थंड केलं की काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू. थीसिस झाला होता. सर खूश. सरांनी स्वतः मसुदा दुरुस्त केला आणि पहिल्या प्रयोगापुढे लिहिलं: 'प्लेटा नियोजनानुसार एकतीस डिग्रीला हलवण्यात आल्या.'

"सर, नियोजनानुसार?"

"मग काय लिहिणार, खंडेनवमीनुसार? एक्झामिनर हसतील."

"पण सर, नियोजन होतं तर पिलाजीरावांना मेमो कशाबद्दल?"

सरांनी चष्मा पुसला. "ते ॲडमिनिस्ट्रेशनचं आहे. हे सायन्स आहे. मिसळू नकोस."

म्हणजे बघा! मशीन बंद केलं म्हणून काम बिघडलं, हे एका कागदावर. मशीन ठरवून थंड केलं म्हणून काम झालं, हे दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागदांखाली सरांची सही. आणि पहिला कागद माझ्यामुळे.

मी तक्रार मागे घ्यायला रजिस्ट्रार ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्क वसुंधराबेन म्हणाल्या, "तक्रार अशी पाछी नाही घेता येत, कारण द्या." मी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी कारण दिलं: 'इन्क्युबेटर माझ्या सांगण्यावरून बंद केला होता, हे मी विसरले.' खोटं होतं, पण कुणाचं वाईट होत नव्हतं! सरांचं 'नियोजन' खरं ठरत होतं, पिलाजीरावांचा ठपका जात होता, माझं मन हलकं होत होतं. वसुंधराबेननी फक्त एवढंच सांगितलं की खाली पिलाजीरावांची सही हवी, 'सूचना मिळाली होती'. तीन शब्दांचं काम!

मी कागद घेऊन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, परत वाचला.

"ताई, तुम्ही मला सांगितलं होतं?"

"नाही हो, पण समजा सांगितलं होतं."

"चिठ्ठी कुठे आहे?"

"पिलाजीराव, चिठ्ठी नाही! मी तुम्हाला वाचवायचा प्रयत्न करतेय. सही करा, मेमो रद्द होईल, मार्चमध्ये तुमचं पत्र मिळेल. तुम्हाला हवंय ना ते?"

"हवं तर आहे." हे त्यांनी इतकं पटकन म्हटलं की मला वाटलं, झालं. पण मग त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. "चौतीस वर्षांत दिलेला हुकूम मी कधी विसरलो नाही. न दिलेला कसा आठवू? पूजा मी केली. माझ्या देवाची केली. ती आता तुमच्या हुकमानं केली म्हणू?"

"अहो, देवाला काय फरक पडतो!"

"देवाचं जाऊ द्या. रजिस्टरात मी माझ्या हातानं लिहिलंय 'पूजेसाठी'. मग ते खोटं ठरेल. आणि ते खोटं ठरलं तर खालचं एकतीस कोण खरं मानील?"

संपूर्ण थीसिस त्या दोन दिवसांच्या एकतीसवर उभा होता, आणि तो आकडा त्यांनीच लिहिलेला होता. मी त्यांच्यावर ओरडले. हटवादी म्हणाले, डोकं फिरलंय म्हणाले. वडिलांच्या वयाच्या माणसाला! ते भांडी धुवायला निघून गेले.

मार्चअखेर निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, सामोसे. डायरेक्टरांनी पाकीट दिलं, ते पिलाजीरावांनी सगळ्यांसमोर उघडलं नाही. टाळ्या संपल्यावर जिन्याजवळ उभं राहून उघडलं. मी बघत होते. एकदा वाचलं, मागची बाजू बघितली, पुन्हा वाचलं. 'सेवा समाधानकारक.' मग घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, माझ्या चिठ्ठ्या ठेवायचे तशी. मला इतकी लाज वाटली की मी समोर गेलेच नाही. मागच्या जिन्यानं निघून आले.

घरी आल्यावर मी थीसिसचं ते पान काढलं आणि 'नियोजनानुसार' वर काट मारली. लिहिलं की खंडेनवमीच्या पूजेसाठी लॅब अटेंडंट पिलाजीराव माने यांनी इन्क्युबेटर बंद केला, तापमान त्यांनीच नोंदवलं, आणि हे निरीक्षण त्यामुळे झालं. सरांनी सही करायला नकार दिला. मी म्हटलं, मग मी थांबते. सर म्हणाले, थांब. फेलोशिप संपली, मी गोरव्यात एका कंपनीत अर्धवेळ लागले, आई बोलायची बंद झाली. साडेतीन महिन्यांनी सरांनी सही केली. "तुझं तू बघ," एवढंच म्हणाले. एक्झामिनर हसले का? एक हसले. दुसऱ्यांनी विचारलं, रजिस्टर बघायला मिळेल का. मी दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

पास झाल्यावर बांधलेली प्रत घेऊन मी लहरीपुऱ्यात पिलाजीरावांकडे गेले. कशाला खोटं बोलू, मला वाटलं होतं ते गहिवरतील. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला, आणि म्हणाले, "वाचा. मराठीत सांगा." मी ते पान मराठी करून वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "'नवमीला सकाळी नऊ वाजता पिलाजीराव माने यांनी...'"

"थांबा. नऊ नाही. आठ वीस."

"काय?"

"आठला तापमान लिहिलं, एकोणचाळीस. मग पूजा. आठ वीसला बटण बंद केलं. नऊ कुठून आणलंत?"

"अहो पिलाजीराव, अंदाजे लिहिलंय! चाळीस मिनिटांनी विषाणूला काय फरक पडतो?"

"विषाणूला नसेल पडत. नाव माझं घातलंय ना?"

"घातलंय."

"मग वेळ पण माझीच घाला."

मला वाटलं डोकं आपटून घ्यावं. या एका पानासाठी साडेतीन महिने घालवले, नोकरी पकडली, घरात अबोला सोसला, आणि हे गृहस्थ चाळीस मिनिटांचा हिशेब मागतायत! मी तोंड उघडलं, काहीतरी जहरी बोलायला. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचं बोट पानावर स्वतःच्या नावाखाली टेकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी थीसिसच्या काळ्या बांधणीच्या पाचही प्रती रिक्षात घालून त्यांच्या घरी नेल्या. त्यांच्या पलंगावर बसून प्रत्येकीत नऊ खोडून आठ वीस केलं आणि बाजूला माझी सही केली. पिलाजीरावांनी चष्मा लावून पाचही प्रती एकेक करून तपासल्या. पाचवीवर म्हणाले, "आता बरोबर आहे."